सीडी-३ ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं कुठे?

१९७५ मध्ये हायब्रिडोमाचं, म्हणजे एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याचं तंत्र आलं आणि थोड्याच वर्षांत जो तो लिम्फोसाइटविरुद्ध (या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) स्वतःच्या अशा ‘मोनोक्लोनल’ अँटिबॉडी बनवू लागला. पेशीवरच्या एकाच रेणूला, आजच्या सीडी-३ ला, कुणी टी३ म्हणे, कुणी ल्यू-४. हे निस्तरायला १९८२ मध्ये पॅरिसला कार्यशाळा भरली आणि ठरलं, की ज्या अँटिबॉडी सारख्याच पेशींवर बसतात त्यांचा एक गट, गटाला एक सीडी क्रमांक. सीडीतला ‘सी’ म्हणजे क्लस्टर. क्रमांक अँटिबॉडींच्या गटाचा होता. पुढे तो रेणूलाच चिकटला, आणि खरी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

कारण ही छाननी मुख्यतः द्रवात तरंगणाऱ्या पेशींवर झालेली. बायोप्सीचा तुकडा मात्र फॉर्मेलिनमध्ये बुडवून मेणात बसवतात. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांत अडकवतं, अँटिबॉडीला धरायची जागाच झाकली जाते. ओकेटी४ ही अँटिबॉडी गोठवलेल्या छेदावर (पातळ कापावर) सुरेख चाले, मेणाच्या छेदावर नाही. १९९१ पासून स्लाइड उकळून त्या जागा मोकळ्या करण्याची पद्धत रुळली, तेव्हा कुठे जुने ब्लॉकही (मेणात बसवलेले तुकडे) बोलू लागले.

सीडी-३ चं पाहा. ही टी पेशींची, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका प्रकाराची, ओळखखूण. मेणाच्या छेदावर वापरायच्या बऱ्याच अँटिबॉडी त्याच्या ‘एप्सिलॉन’ नावाच्या साखळीचा पेशीच्या आतला भाग पकडतात. एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट पेशींच्या पृष्ठभागावर टी पेशीचा रिसेप्टर नसतो, पण ही साखळी त्यांच्या पेशीद्रवात असते. त्यामुळे नाकातल्या एनके लिम्फोमात (एनके पेशींच्या कर्करोगात) द्रवातल्या पेशींचा पृष्ठभाग तपासणारी फ्लो सायटोमेट्री सांगते ‘सीडी-३ निगेटिव्ह’ आणि स्लाइडवर, अँटिबॉडी बसल्याची खूण म्हणून, पेशी तपकिरी दिसतात. दोन्ही बरोबर! नीट पाहिलं तर टी पेशीभोवती बारीक तपकिरी कडं असतं. एनके पेशींत रंग आत भरलेला असतो. हा फरक रिपोर्टात लिहिला नाही तर एनके लिम्फोमा टी पेशींचा ठरू शकतो. एवढा मोठा फरक एका क्रमांकाखाली झाकला जावा, हे मला आजही पटत नाही.

सीडी-२० या बी पेशींवरच्या रेणूचं तेच. एल२६ हा क्लोन, म्हणजे एक विशिष्ट मोनोक्लोनल अँटिबॉडी, रेणूचं आतलं टोक धरतो, १९९७ मध्ये मंजूर झालेलं रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडीचंच औषध बाहेरचं. औषध चालू असताना घेतलेल्या बायोप्सीत औषधाने बाहेरची जागा अडवली असली, तरी एल२६ चा रंग येतो.

क्रमांक आता ३७० च्या पुढे गेलेत. एनके लिम्फोमाच्या रिपोर्टात नुसतं ‘सीडी-३’ न लिहिता ‘पेशीद्रवातील सीडी-३ एप्सिलॉन’ असं लिहिण्याची पद्धत पडली आहे. क्लोनचं नाव मात्र अजून बऱ्याच रिपोर्टांत नसतं. ब्लॉक घेऊन नातेवाईक दुसऱ्या लॅबला जातात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच विचारावं लागतं.