फोर-व्हील जोडणी : जुन्या ट्रक-जीपचा पुढचा ॲक्सल

फोर-व्हील जोडणी : इंजिनाची ताकद एरवी फक्त मागच्या चाकांना आणि गरज पडल्यावर पुढच्या चाकांनाही देणारी यांत्रिक व्यवस्था. जुन्या वाहनांत ती ट्रान्स्फर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा), पुढचा ॲक्सल आणि चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) अशी पसरलेली असते. ताकदीची वाट नेमकी कुठे तोडायची याची वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे निघाली आणि प्रत्येक उत्तराबरोबर बिघाडाची एक नवी जागाही आली.

मुंबईच्या रस्त्यांवरच्या बहुतेक मालट्रकांचा या व्यवस्थेशी संबंध नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज-फार्गो घ्या किंवा नंतरचे टाटा-मर्सिडीज, त्यांचा पुढचा ॲक्सल म्हणजे इंग्रजी ‘आय’च्या छेदाचा घडीव पोलादी दांडा. दोन टोकांना किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती खीळ), खाली पाटे. भार पेलणे आणि चाके वळू देणे एवढेच त्याचे काम. चालता, म्हणजे चाकांना ताकद देणारा, पुढचा ॲक्सल या शहराच्या ओळखीचा झाला तो जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे कांदिवलीला उत्पादन होऊ लागले. जबलपूरला बनलेल्या निसान जोंगासारख्या गाड्या लष्कराच्या लिलावांतून खासगी हातांत येत राहिल्या.

चारही चाके ओढणारे ट्रक त्याच्या बरेच आधीचे. अमेरिकेत जेफरी क्वाड १९१३ साली आला आणि पहिल्या महायुद्धाच्या चिखलाने अशा गाड्यांची उपयुक्तता सिद्ध केली. डॉजचा पॉवर वॅगन हा नागरी ट्रक १९४६चा.

चालत्या ॲक्सलची खरी अडचण टोकांना असते. चाक वळले पाहिजे आणि वळलेल्या अवस्थेत फिरलेही पाहिजे. साधा क्रॉस-जॉइंट वापरला तर कोन वाढताच चाकाचा वेग एकसारखा राहत नाही: ३० अंशांच्या कोनात तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा सरासरीच्या ०.८७ पटीपर्यंत उतरतो आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत चढतो. हे हिसके थेट स्टिअरिंगवर जाणवतात. म्हणून युद्धकाळातल्या जीपमध्ये गोळ्यांवर चालणारे बेंडिक्स-वाइस व झेप्पा आणि सरकत्या जोडांचा ट्रॅक्टा असे समवेगी जॉइंट आढळतात. क्रॉसवाल्या जीपही निघाल्या. जॉइंटभोवती पोकळ गोल घर, त्यावर फिरणारा नकल (चाक धरून वळणारा भाग) आणि दोहोंच्या मध्ये वंगण अडवणारे सील, ही ‘बंद नकल’ची रचना. सील गेले की वंगण ब्रेकवर आणि पाणी जॉइंटवर. पुढे आलेल्या उघड्या नकलने हे दुखणे बरेच कमी केले.

ट्रान्स्फर केसमध्ये दोन निर्णय होतात : पुढचा शाफ्ट जोडायचा का, आणि हाय गिअर की लो. जीपच्या स्पायसर १८ केसला यासाठी दोन वेगळे दांडे होते. मुख्य गिअरचा धरून चालकाच्या हाताशी तीन. या केसमुळेच पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) मधोमध नसून उजवीकडे सरकलेला दिसतो. पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडू नये म्हणून आत इंटरलॉक आहे, आणि तो केवळ काटेकोरपणासाठी नाही. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये पहिला गिअर २.६६५, लो १.९७ आणि ॲक्सल ४.८८, गुणाकार साधारण २५.६. हाय गिअरच्या जवळपास दुप्पट पीळ एकट्या मागच्या ॲक्सलवर पडला तर शाफ्ट तुटण्याची वेळ येते.

अशा केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. रस्ता मात्र ते मान्य करत नाही. वळणावर पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळातून जातो. जीपचे दोन ॲक्सलमधले अंतर सुमारे २.०३ मीटर. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळला तर पुढच्याचा मध्य जवळजवळ ५.४ मीटरने वळतो, म्हणजे ८ टक्के जास्त. काटकोनी वळणात हा फरक ६० सेंटिमीटरच्या वर जातो. वाळूत किंवा चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागाच नसते. पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दातांत साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते आणि दांडा परत ओढला तरी निघत नाही. जोर लावून उपयोग नसतो. थोडे मागे-पुढे केले की पीळ सुटतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर चारही चाके जोडून जीप पळवण्यात म्हणूनच रुबाबापेक्षा खर्च जास्त.

दांडा सोडला तरी पुढची चाके रस्त्यावर फिरताना आतले शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट उलट्या दिशेने ताकद घेत फिरतच राहतात. आवाज, झीज आणि इंधन, तिन्ही फुकट जातात. यावर उपाय हबवर निघाला. आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली सिॲटलमध्ये युद्धातून उरलेल्या जीपसाठी सुटणारे हब बनवायला घेतले. बाहेरची कळ ‘फ्री’वर फिरवली की चाक शाफ्टपासून वेगळे होते आणि पुढची सगळी यंत्रणा थांबते, ‘लॉक’वर फिरवली की पुन्हा जोडले जाते.

मला या यंत्रणेतला हाच भाग सर्वांत चांगला वाटतो, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो. चालकाने दांडे टाकले पण खाली उतरून हब फिरवले नाहीत, तर पुढचा शाफ्ट नुसताच फिरतो. इंटरलॉकला दांडा कळतो, हब कळत नाही. त्यामुळे लो गिअरचा सारा पीळ पुन्हा मागच्या ॲक्सलवर येतो आणि इंटरलॉक असून नसल्यासारखा होतो. एकच हब लॉक केला तरी गत तीच. साधा डिफरन्शियल ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतो आणि पुढची दोन्ही चाके ओढत नाहीत. चिखलाच्या काठावर उतरून दोन्ही कळा तपासणे हे चिखलात उतरून तपासण्यापेक्षा स्वस्त पडते. सतत ‘फ्री’वर ठेवलेले हब खाऱ्या हवेत आखडतात, तेव्हा अधूनमधून लॉक करून सरळ रस्त्यावर, दांडा टूव्हीलवरच ठेवून, थोडे अंतर चालवावे, आतले भागही वंगणात भिजतात.

आपोआप लागणाऱ्या हबांनी उतरायचा त्रास वाचवला. सोडण्यासाठी गाडी काही मीटर मागे घ्यावी लागते, आणि काही प्रकार उतारावर इंजिनच्या ब्रेकिंगमध्ये पीळ उलटताच सुटू शकतात. अमेरिकन पिकअप ट्रकांत १९८०च्या दशकात हब कायम जोडून ॲक्सलमधलाच एक शाफ्ट तोडण्याची पद्धत रुळली. दोन तुकड्यांवर सरकणारी कॉलर ते जोडते. ती बाजूला असताना एका बाजूचा आतला गिअर सुलटा, दुसरा उलटा फिरतो आणि क्राउन (डिफरन्शियलचा मोठा गिअर) व प्रोपेलर शाफ्ट स्थिर राहतात. डॉजने कॉलर व्हॅक्यूमने हलवली. नळीला चीर गेली की फोर-व्हील गेले. जनरल मोटर्सने विजेने तापून पसरणारा दट्ट्या वापरला, त्याला तापायला वेळ लागे.

जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग शोधत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरणाऱ्याने ॲक्सलचे दात आधी मोजावेत. युद्धकाळातल्या जीपच्या क्राउन आणि पिनियनला (क्राउन फिरवणारा लहान गिअर) ३९ व ८ दात (४.८८), नंतरच्या नागरी जीपला ४३ व ८ (५.३८). बाहेरून घर सारखेच दिसते. एक पुढे आणि दुसरा मागे बसला तर चारही चाके जोडताच १० टक्क्यांचा फरक सरळ रस्त्यावरही पडतो, म्हणजे गाडी कायमच वळणावर असल्यासारखी चालते. खोलायची सोय नसेल तर दोन्ही चाके उचलून ती बरोबरीने एक फेरा फिरवावी आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत : पाचाला थोडे कमी की साडेपाचाला थोडे कमी.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पाण्यात कुठलाच ॲक्सल वर राहत नाही. ॲक्सलचे तापलेले घर एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा बुडालेल्या ब्रीदरमधून (घराच्या हवेच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधणे हा स्वस्त आणि पुरेसा बंदोबस्त आहे. पाण्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शियल, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही नकलचे प्लग उघडून पाहतात. तेल दुधाळ आले तर ते बदलून मगच गाडी पुढे नेतात.