वृद्धाश्रमप्रवेश (बेळगाव सीमाभाग)

वयस्क माणसाने राहते घर सोडून वृद्धाश्रमात कायमचे राहायला जाणे. याला ‘नर्सिंग होम’ म्हणून चालत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत नर्सिंग होम म्हणजे छोटे खाजगी हॉस्पिटल. तिथून माणूस बरा होऊन घरी येतो. आश्रमाचे तसे नसते. बोलताना लोक ‘आश्रमात ठेवलं’ म्हणतात, स्वतःहून गेलेल्यालासुद्धा.

मुले पुण्याला, गोव्याला किंवा बंगळूरला असतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या बोळातले घर आधी दोघांवर, मग एकावर येते. निर्णय असा कोणी जाहीर करत नाही; ‘चार दिवस राहून बघू’ एवढेच ठरते. देवघरातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळून बरोबर घेतात, तुळशीला पाणी घालायला शेजारणीला सांगतात. घराची किल्ली मात्र कनवटीलाच राहते.

‘हातपाय चालतायत तोवर कशाला?’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. गंमत अशी, की पुष्कळ आश्रमांची प्रवेशाची अट नेमकी हातपाय चालते असण्याची. न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की माणसाला कुशीवर वळवायला, मलमूत्र काढायला चोवीस तास कोणीतरी लागते आणि साधा आश्रम तेव्हा हात जोडतो. मग धावपळ मुलांची, निर्णयही त्यांचाच. ज्याला जायचे त्याला विचारायचे राहून जाते. बेळगावजवळ बामणवाडीचा शांताई वृद्धाश्रम परिचित आहे.

२००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार आईवडील प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते रद्द करून घेता येते. अट तोंडी न ठेवता बक्षीसपत्रातच लिहून घेणे शहाणपणाचे. निराधारांसाठी दर जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल अशा आश्रमांची तरतूदही त्या कायद्यात आहे.

१९५६ पासून जिल्हा कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) असल्याने सरकारी कागद कन्नडात येतो. मराठीत शिकलेल्या आजीला तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. बोलण्याचे तेवढे अडत नाही: शेजारच्या खाटेवरून ‘ऊटा आयता?’ (जेवण झालं का?) आले, की ‘झालं की, तुमचं?’ असे उत्तर जाते.