मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (मिफ)

माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांच्यासाठी मुंबईत दर दोन वर्षांनी भरणारा महोत्सव. १९९० साली 'बॉम्बे' हे नाव लावून त्याचा आरंभ झाला आणि शहराच्या नामांतरानंतर महोत्सवाचेही नाव बदलले. १९९७ मध्ये याच शहरात सुरू झालेला 'मामि'चा (मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज या संस्थेचा) महोत्सव मुख्यतः कथापटांचा असून तो सर्वस्वी वेगळा आहे, तरी वृत्तपत्रांतूनसुद्धा या दोहोंची गल्लत अधूनमधून होते.

महोत्सवाचे मूळ फिल्म्स डिव्हिजन या केंद्रीय संस्थेत आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे समाचारपट आणि माहितीपट मुख्य खेळापूर्वी दाखवणे देशभरच्या चित्रपटगृहांना बंधनकारक असे; परिणामी या चित्रपटांना प्रेक्षक भरपूर लाभला, पण तो त्यांच्यासाठी तिकीट काढून आलेला नव्हता. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही याच संस्थेने जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरवला. पुढे तो महोत्सव दिल्लीसह निरनिराळ्या शहरांत फिरून २००४ पासून गोव्यात स्थिरावला. माहितीपटांचा महोत्सव मात्र मुंबईतच राहिला, आणि ते स्वाभाविकही होते, कारण फिल्म्स डिव्हिजनचे मुख्यालय पेडर रोडवर होते आणि माहितीपट निर्मात्यांची 'इंडियन डॉक्युमेंटरी प्रोड्यूसर्स असोसिएशन' ही संघटनाही १९५६ पासून याच शहरात काम करत आली आहे.

महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक म्हणजे सुवर्णशंख. त्याखालोखाल रौप्यशंख दिला जातो. जीवनगौरव पुरस्काराला व्ही. शांताराम यांचे, तर पदार्पणातील चित्रपटासाठीच्या पुरस्काराला दादासाहेब फाळके चित्रनगरीचे नाव आहे. २०१८ चा जीवनगौरव श्याम बेनेगल यांना, तर २०२२ चा माहितीपटकार आणि चित्रपट इतिहासकार संजीत नार्वेकर यांना मिळाला. तथापि पुरस्कारांपेक्षाही महोत्सवाची खरी कमाई म्हणजे, ज्या चित्रपटांना एरवी ना चित्रपटगृह मिळते ना वितरक, त्यांच्या कर्त्यांना एकमेकांचे काम पाहण्याची आणि त्यावर वाद घालण्याची हक्काची जागा मिळाली. तेथे भरणाऱ्या खुल्या चर्चांना कित्येकदा चित्रपटांइतकीच गर्दी असे.

सरकारी आयोजन आणि माहितीपटकाराचे स्वातंत्र्य यांच्यातील ताण या महोत्सवाच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे दिसतो. आनंद पटवर्धन यांच्या अण्वस्त्रस्पर्धेवरील 'वॉर अँड पीस' या माहितीपटाला २००२ च्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पण सेन्सॉर बोर्डाने त्याच चित्रपटात २१ कपाती सुचवल्या. महोत्सव आणि बोर्ड दोन्ही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच अखत्यारीतले, हा विरोधाभास त्या वेळी कुणाच्या नजरेतून सुटला नाही. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने २००३ मध्ये चित्रपट कपातीविना प्रदर्शित करण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याच वर्षी, आगामी महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवण्यात आले. विदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. देशभरातील माहितीपटकारांनी एकत्र येऊन विरोध केल्यावर अट मागे घेण्यात आली, पण निवड जाहीर झाली तेव्हा राजकीयदृष्ट्या अडचणीचे ठरतील असे अनेक चित्रपट वगळलेले आढळले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा त्यांपैकी एक होता. त्यावर माहितीपटकारांनी फेब्रुवारी २००४ मध्ये, महोत्सवाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला. 'फायनल सोल्यूशन' त्याच महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला; भारतात त्याला ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र नाकारले गेले आणि ऑक्टोबरमध्ये ते देण्यात आले.

'विकल्प' त्या आठवड्यापुरता उरला नाही. त्यातले चित्रपट इतर शहरांत दाखवले गेले आणि पुढे जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्ये त्याच नावाने माहितीपटांचे नियमित खेळ होऊ लागले. मिफचा प्रभाव मोजताना त्याच्या विरोधातून उभी राहिलेली ही चळवळही जमेस धरावी लागते. फिल्म्स डिव्हिजननेही २०१२ मध्ये 'एफडी झोन' हा विनामूल्य खेळांचा उपक्रम सुरू करून स्वतंत्र माहितीपटकारांना आपले दार उघडले.

मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाल्याने आयोजनाची सूत्रे महामंडळाकडे गेली. विलीनीकरणाला माहितीपटकारांचा आक्षेप होता आणि त्यातला मुख्य मुद्दा फिल्म्स डिव्हिजनच्या अमूल्य चित्रपटसंग्रहाच्या भवितव्याचा होता. पूर्वी हिवाळ्यात भरणारा महोत्सव २०२२ मध्ये मेच्या अखेरीस आणि २०२४ मध्ये १५ ते २१ जून या काळात, म्हणजे मुंबईकर छत्री घेऊन निघतो त्या दिवसांत, पार पडला. २०२४ मध्ये दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुणे येथेही खेळ झाले आणि निर्माते व खरेदीदार यांची गाठ घालून देणारा 'डॉक बाजार' प्रथमच भरला. त्या वर्षीचा सुवर्णशंख बंगालमधील ताग गिरण्यांच्या कामगारांवरील 'द गोल्डन थ्रेड' या निष्ठा जैन यांच्या माहितीपटाला मिळाला.