काडीकचऱ्याचं खत आणि मूळवर्गीय पिकं (सोलापूर)

उसाचं पाचट, तुरीच्या काड्या, केळीचे खुंट, पालापाचोळा असा शेतातला वनस्पतीजन्य कचरा कुजवून गाजर, मुळा, बीट, रताळी अशा जमिनीत पोसणाऱ्या पिकांना घालायची पद्धत. सोलापूर जिल्ह्यात माल भरपूर आहे, कारखान्यांमुळे उसाचं पाचट तर ढिगानं, हेक्टरी 8-10 टन निघतं आणि तरी बरेच जण काडी लावून मोकळे होतात.

फायदा नुसत्या अन्नद्रव्यांचा नाही. इथली काळी जमीन ओली झाली की चिकट, वाळली की दगड, त्यात मूळ सरळ खाली जाणार कसं? कुजलेलं खत मिसळलं की माती भुसभुशीत होते, ओल टिकते, मुळं सरळ आणि सारखी पोसतात. पालाश (म्हणजे पोटॅश) मुळात साखर साठायला मदत करतं, आणि केळीच्या खुंटात ते चांगलं असतं, करमाळ्याकडं केळी भरपूर असल्यानं तिकडं हा माल सहज मिळतो.

पण सगळा खेळ कुजण्यावर आहे. पाचटात कार्बन फार आणि नत्र अगदी कमी, साधारण अर्धा टक्का, त्यामुळं कच्चंच गाडलं तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवायचं जिवाणू कल्चर टाकायची शिफारस आहे. युरिया नको असेल तर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) चालतो, वेळ जास्त लागतो एवढंच. ढीग साधारण 5 फूट रुंद, 3-4 फूट उंच, ओला पण निथळणारा नाही, अधूनमधून पलटी द्यायची. फेब्रुवारीत लावला तर एप्रिल-मेच्या उन्हात तो वाळून कुजणं थांबतं, पाणी मारत राहावंच लागतं, इथंच निम्मे लोक कंटाळतात. आतून गरम लागत नाही, काडी बोटात चुरते आणि पावसाच्या मातीसारखा वास येतो, तेव्हा खत झालं म्हणायचं.

गाजराला तर अर्धकच्चं खत अजिबात नको. ढेकूळ किंवा काडी आडवी आली की मुळाला फाटे फुटतात, दोन पायांचं गाजर व्यापारी बाजूलाच काढतो, शिवाय कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच. चाळून, पेरणीआधी दोन-तीन आठवडे, एकरी 8-10 टन मिसळलेलं बरं. नत्र जास्त झालं तर वर पाला माजतो आणि खाली बोटाएवढं मूळ, बीट-मुळ्यातही तेच.

चुलीची राख पोटॅशसाठी सर्रास सांगतात, पण इथल्या चुनखडीच्या, आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन) जमिनीत ती जपूनच. डाळिंबाच्या छाटणीचा कचरा, बाग तेल्या रोगानं गेलेली असेल तर, ढिगात न घालता जाळलेलाच बरा.