प्रतिमादर्शित अल्पछेद उपचार

क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयच्या प्रतिमेकडे पाहत, त्वचेवरील बारीकशा छिद्रातून शरीराच्या आतल्या भागावर केले जाणारे उपचार. वैद्यकातील या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात. हृदयरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञही याच पद्धती वापरतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी त्यांची नेहमी गल्लत होते. दुर्बिणीत कॅमेरा आत घालून अवयव प्रत्यक्ष पाहतात. येथे डॉक्टरला दिसते ती पडद्यावरची प्रतिमा, आणि तिच्यावर विसंबूनच हात चालवावा लागतो.

पद्धतीचा पाया १९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी घातला. सुई रोहिणीत (धमनीत) टोचायची, तिच्या पोकळीतून लवचीक तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी, म्हणजे कॅथेटर, आत न्यायचे. आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा उपचारांच्या खास खोलीत, काम याच क्रमाने होते. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. मनगटातून अँजिओग्राफी करताना बहुधा ५ किंवा ६ फ्रेंचची नळी लागते, म्हणजे फार तर २ मिमी. १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद झालेली रोहिणी अशाच नळ्यांनी रुंदावली. बोटे काळी पडली होती, पाय कापायला बाई तयार नव्हत्या, पाय वाचला. १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याचा वापर करून हृदयाच्या रोहिणीची अँजिओप्लास्टी केली आणि हा विषय घराघरांत पोहोचला.

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी झेप मात्र लकव्याच्या उपचारात आहे. मेंदूच्या मोठ्या रोहिणीत गुठळी अडकली की जांघेतून नळी वर नेतात, निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी गुठळीत उघडतात आणि गुठळीसकट ओढून काढतात. काही वेळा नळीतूनच गुठळी शोषून घेतात. २०१५ मध्ये रुग्णांवर घेतलेल्या पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकामागून एक आले आणि या उपचाराबद्दलचा वाद संपला. त्यानंतर झाले ते अधिक महत्त्वाचे. तोवर सगळा हिशेब घड्याळावर होता: गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांत, जाळी साधारण सहा तासांत. २०१८ च्या डॉन चाचणीत ६ ते २४ तासांत आलेले रुग्ण निवडले गेले, तेही मेंदूचा किती भाग मेला आहे हे प्रतिमेवर पाहून आणि लक्षणांच्या तीव्रतेशी ताडून. तीन महिन्यांनी जाळीच्या गटातील ४९ टक्के रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करत होते, केवळ औषधोपचाराच्या गटातील १३ टक्के. पूर्वी प्रतिमा फक्त हाताला वाट दाखवायची. आता उपचार कोणाला द्यायचा हेही ती ठरवते.

इंदूरकडे येणाऱ्या रुग्णांसाठी ही मुदतवाढ फार मोलाची आहे. येथे १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ मध्ये तिचे महाविद्यालय झाले, आणि ‘एमवाय’ या नावानेच ओळखले जाणारे महाराजा यशवंतराव रुग्णालय माळवा-निमाडचा आधार बनले. बुऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे १८० किमी. खंडवा करत, नर्मदा ओलांडून, बडवाहनंतर घाट चढायचा. आधी गावचा डॉक्टर, मग खंडवा, मग इंदूर अशा फेऱ्यांत सहा तास कधीच उलटून जातात. शहरात राहणाऱ्यांचीही निराळी अडचण असते. रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात दोघेच म्हातारे, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला; सकाळी आजोबांचे तोंड वाकडे दिसले की आजींना एवढेच सांगता येते, ‘रात्री झोपले तेव्हा चांगले होते हो.’ वैद्यकीय हिशेबात वेळ तिथूनच, म्हणजे शेवटचे ठीक पाहिल्यापासून, मोजतात. म्हणून हे वाक्य कॅज्युअल्टीत पोहोचताच सांगावे. कार्ड, फाइल, पावती नंतर.

रक्तपुरवठा मुद्दाम बंद करण्याचेही उपचार आहेत. गर्भाशयातील गाठींना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत बारीक कण सोडून गाठी आकसवण्याची पद्धत १९९५ मध्ये फ्रान्समधून पुढे आली. त्याच धर्तीवर वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होतात. यकृतातील लहान गाठी सोनोग्राफीवर पाहत सुईने जाळता किंवा गोठवता येतात. ध्वनिलहरींना तर सुईही लागत नाही: हातांच्या कंपावर एमआरआयच्या मदतीने, आणि २०२३ पासून अमेरिकेत यकृताच्या गाठींवर, त्या वापरण्यास मान्यता आहे.

‘बिनटाक्याचे ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी’ या पाट्या अर्धेच सांगतात. छिद्र लहान असले तरी आत रोहिणी फाटू शकते, प्रतिमेत रोहिणी दिसावी म्हणून सोडलेल्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर भार पडू शकतो, म्हणून आधी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. क्ष-किरणांची मात्राही जमेस धरावी लागते. शिवाय छोटे छिद्र नेहमीच सरस असे नाही. रक्तपुरवठा पार घटलेल्या पायांवरील २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत, पायातील लांब शीर वापरण्याजोगी असलेल्या रुग्णांना फुगा-स्टेंटपेक्षा बायपास शस्त्रक्रियाच अधिक लाभली.