ब्रॅबम बीटी६२ : हलकेपणाच्या हट्टाची पार्श्वभूमी

मे २०१८मध्ये लंडन येथे सादर झालेल्या ब्रॅबम बीटी६२ या मोटारीचे इंधन आणि अन्य द्रव वगळून भरणारे वजन ९७२ किलो होते, म्हणजे एखाद्या लहान कौटुंबिक मोटारीइतकेच, तिच्या ५.४ लिटरच्या व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाची शक्ती मात्र ७०० अश्वशक्ती होती. केवळ शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधलेल्या या मोटारीचे आकडे तेव्हा गाजले, पण हलकेपणाचा हट्ट या नावाला नवा नव्हता.

१९५९ आणि १९६० साली कूपर संघाकडून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवणारे ऑस्ट्रेलियन चालक जॅक ब्रॅबम यांनी त्याच सुमारास अभियंते रॉन टॉरनॅक यांच्यासह स्वतःच्या मोटारी बांधायला घेतल्या. ‘बीटी’ ही या दोघांच्याच आडनावांची आद्याक्षरे. १९६६मध्ये इंजिनाच्या आकारमानाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली, तेव्हा अनेक प्रतिस्पर्धी बारा, काही तर सोळा सिलिंडरांच्या जड इंजिनांमागे लागले. ब्रॅबम यांनी मात्र रेप्को या ऑस्ट्रेलियन कंपनीकडून ओल्ड्समोबिल या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकवर आधारलेले साधे व्ही-८ इंजिन करून घेतले. त्याची शक्ती जेमतेम ३०० अश्वशक्तीच्या आसपास होती, आणि ते ज्या बीटी१९मध्ये बसवले ती मुळात वेगळ्याच, शर्यतीत कधीही न उतरलेल्या इंजिनासाठी बांधलेली, नळ्यांच्या सांगाड्याची, तेव्हाच जुन्या वळणाची ठरलेली मोटार होती. तिच्यातून त्यांनी सलग चार ग्रां प्री जिंकल्या आणि तिसरे जगज्जेतेपद मिळवले. स्वतःचे नाव ल्यालेल्या मोटारीतून जगज्जेता ठरलेला दुसरा चालक आजवर झालेला नाही.

शक्ती वाढवली तर सरळ मार्गावर फायदा होतो. वजन घटवले तर ब्रेक लावताना आणि वळण घेतानाही होतो. वजन न वाढवता टायर जमिनीशी दाबून धरायचे, तर हवेलाच कामाला लावावे लागते. ब्रॅबम संघाचे रचनाकार गॉर्डन मरे यांच्या बीटी४६बीने १९७८मध्ये मागच्या पंख्याने मोटारीखालची हवा शोषून घेतली, संघाचे चालक निकी लाउडा यांनी स्वीडिश ग्रां प्री जिंकली आणि लगेच ती मोटार मागे घेण्यात आली. बीटी६२मध्ये पंखा नाही. तिला १,२०० किलोहून अधिक, म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त दाब मिळतो तो हवेला वळवणाऱ्या पृष्ठभागांतून. असे पृष्ठभाग आणि जमिनीला जवळजवळ टेकलेला तळ रस्त्यावरच्या नियमांत व खड्ड्यांत सहसा बसत नाहीत.

ब्रॅबमचा मूळ संघ १९९२मध्ये थांबला. जॅक यांचे धाकटे पुत्र डेव्हिड यांनी कायदेशीर लढाईनंतर नावाचे हक्क परत मिळवले, आणि वडिलांच्या पहिल्या शर्यतीला ७० वर्षे झाल्याच्या निमित्ताने ७० मोटारींची योजना जाहीर झाली. साठच्या दशकात होतकरू चालकांना मोटारी विकून ज्या कंपनीने जम बसवला, तिच्या नावाच्या या मोटारीची किंमत करांशिवायच दहा लाख पौंड होती.