सोलापूरच्या कारखान्यातला कॅमेरा नॅसपर्यंत कसा आला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मालाची तूट त्याच दिवशी कळते असं नाही. गाठी बांधून टेम्पोत चढतात, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून परगावी जातात, तिथला व्यापारी सवडीने माल मोजतो आणि मग तीन आठवड्यांनी फोन येतो की दोन गाठी कमी भरल्या. कारखानदार दिवाणजींना म्हणतो, "त्या दिवशीचं फुटेज काढा." कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, उघडावी तर मागचे नऊ-दहा दिवसच हाती लागतात. त्याआधीचं सगळं नव्या रेकॉर्डिंगने पुसलेलं असतं. उधारीवर आणि विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात वाद उशिराच उभा राहतो, त्यामुळे इथे दहा दिवसांचं रेकॉर्डिंग पुरत नाही.

अशा वेळी नॅसचा विषय निघतो. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, दोन-चार हार्डडिस्क मावतील अशी पेटी. तिला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. कॅमेरे तिच्यावर घ्यायला बसलं की पडद्यावर एकामागून एक रकाने येतात : ऑनव्हिफ की आरटीएसपी, एच.२६४ की एच.२६५, फोल्डर कुठलं, रेड कुठली, किती दिवस ठेवायचं, घड्याळ कुठून घ्यायचं. कॅमेरे बसवणारा मुलगा ते भराभर भरून मोकळा होतो. पण हे रकाने वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांच्या अडचणींतून तयार झाले आहेत. त्या अडचणी ठाऊक असल्या की कुठे काय भरायचं ते नीट समजतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

दुरून पाहण्याची सोय आधी झाली, पाहिलेलं जपून ठेवण्याची बऱ्याच उशिरा. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून बघता यावं म्हणून अभियंता वाल्टर ब्रूख यांनी कॅमेरा आणि पडद्याची बंद जोडणी उभी केली. सीसीटीव्हीचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो. त्या जोडणीत काहीच रेकॉर्ड होत नव्हतं. पडद्यासमोरच्या माणसाची नजर हलली की घडलेलं गेलं.

पुढे १९५६ साल आलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र साठवणारं यंत्र दाखवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आयबीएमने रॅमॅक हा संगणक आणला आणि त्याच्यासोबत जगातली पहिली हार्डडिस्क आली : चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोएवढी. व्हिडिओ टेप आणि हार्डडिस्क अशा एकाच वर्षी जन्मल्या आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं आपापल्या वाटेने चालत राहिल्या. टेप टीव्ही केंद्रांत आणि पहारेकऱ्याच्या खोलीत गेली, डिस्क हिशेबाच्या खोलीत. नॅसवरचं कॅमेरा रेकॉर्डिंग हे या दोन वाटांचं मिलन आहे.

टेपचा काळ जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण आजच्या बऱ्याच सवयी तिथल्या आहेत. १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस आणलं आणि कॅसेट स्वस्त झाली. पण कॅसेट दोन-तीन तासांची आणि पहारा चोवीस तासांचा. त्यावर टाइम-लॅप्स व्हीसीआर हा उपाय निघाला. टेप अगदी हळू, थांबत थांबत सरकायची आणि मधूनमधून एकेक चित्र टिपायची. काही यंत्रं एका कॅसेटवर ९६० तास, म्हणजे चाळीस दिवस, बसवायची. हिशेब केला तर तेव्हा दोन चित्रांमध्ये सहा-आठ सेकंदांचं अंतर पडतं, आणि तेवढ्या वेळात माणूस दारातून आत येऊन बाहेरही पडतो. मुदत वाढवायची तर तपशील सोडायचा, ही ओढाताण तिथून सुरू झाली. ब्रिटनमध्ये तर महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक अशा एकतीस कॅसेटचा संच ठेवून त्या पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत रुळली होती. आज रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं या रकान्यात बहुतेक जण विचार न करता तीस लिहितात. ते तीस सरकारी नियमातून आलेले नाहीत, पण जुन्या कॅसेटच्या कपाटाशी त्यांचं नातं जवळचं दिसतं.

नव्वदच्या दशकात डीव्हीआर आला आणि टेपच्या जागी हार्डडिस्क बसली. आपल्याकडे दुकानादुकानांत सीसीटीव्ही पोहोचला तो याच्या जोरावर. नवी पेठेतल्या कुठल्याही कापडाच्या दुकानात काउंटरखाली वाकून बघा : काळी चपटी पेटी, मागे बीएनसीची टोकं, चित्र आणि वीज एकत्र नेणारी थ्री प्लस वन केबल, शेजारी वीज पुरवणारा एसएमपीएस. या व्यवस्थेचे उपकार मोठे आहेत. स्वस्त, दणकट आणि वायरमनलाही जमणारी. तिची मर्यादा एकच, पण ती मोठी : रेकॉर्डिंग आणि यंत्र एकाच पेटीत. पेटी उचलून नेली की पुरावाही गेला, आणि आतली एकुलती डिस्क बंद पडली की मागचं सगळं बसलं.

दुसरी वाट कचेऱ्यांतून आली. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर उघडायची, एवढीच तिची सुरुवात. आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेटवर्कवरून फाइल वाटण्याची एसएमबी ही रीत घडवली आणि १९८४ मध्ये सन कंपनीने तशीच एनएफएस आणली. नॅसच्या फोल्डरला जोडताना आजही हेच दोन पर्याय समोर येतात. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडलं की एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि एक गेली तरी माहिती टिकेल अशी रचना करावी. तीच रेड. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा लिहायला घेतलं, त्यामुळे लिनक्सचं यंत्र विंडोजला आपल्यातलंच वाटू लागलं. लिनक्स, सांबा आणि रेड एका छोट्या पेटीत भरले की घरगुती नॅस तयार. तैवानच्या सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या कंपन्यांनी २००० नंतर नेमकं हेच केलं.

दोन्ही वाटा जोडल्या त्या कॅमेऱ्याने. १९९६ साली स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने नेटआय नावाचा कॅमेरा आणला, ज्याला संगणकासारखा स्वतःचा नेटवर्क पत्ता होता. मोठ्या आकाराचं एक चित्र पाठवायला तो १७ सेकंद घ्यायचा. पहाऱ्याच्या दृष्टीने तो टेपपेक्षाही मागे होता, पण चित्र आता फाइलसारखं नेटवर्कवरून जाऊ लागलं, आणि फाइल ठेवायची जागा कचेऱ्यांत आधीच तयार होती. १९९८ मध्ये आरटीएसपी, म्हणजे कॅमेऱ्याचा व्हिडिओ प्रवाह मागवण्याची रीत, ठरली. कॅमेऱ्याच्या पत्त्यापुढे ५५४ लिहितो तो पोर्ट तिचाच. २००३ मध्ये पीओईचा नियम आला आणि १५.४ वॅटपर्यंतची वीज नेटवर्कच्याच केबलमधून जाऊ लागली. मात्र ती केबल शंभर मीटरच्या पुढे न्यायची नसते, आणि यंत्रमागांच्या लांब शेडमध्ये हे आधी फीत धरून मोजावं लागतं. २००२ मध्ये ब्रिटनच्या फिलिप कूम्ब्स यांनी गॅरेजमधली हत्यारं चोरीला गेल्यावर झोनमाइंडर हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून कॅमेरा आणि पेटीची समान भाषा ठरवणारं ऑनव्हिफ स्थापलं, म्हणून एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या पेटीला ओळखू लागला. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ बंद अवस्थेत येतं आणि त्याला वेगळा युजर करून द्यावा लागतो. "नॅसला कॅमेरा सापडत नाही" ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. जुनी कोॲक्स केबल उपटायचीही गरज नाही. नेटवर्कचा पोर्ट असलेला डीव्हीआर आपल्या प्रत्येक चॅनलचा आरटीएसपी प्रवाह बहुधा देतो, आणि नॅस तो घेऊन दुसरी प्रत ठेवू शकतं.

पण चित्र जसंच्या तसं साठवायचं म्हटलं तर कुठलीच डिस्क पुरली नसती. या गोष्टीत भारतीय नावं आहेत आणि ती आपल्या पोरांना माहीत असायला हवीत. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली डीसीटी ही चित्र कमी जागेत बसवायला मदत करणारी गणिती रीत प्रसिद्ध केली. जेपेगपासून २००३ च्या एच.२६४ आणि २०१३ च्या एच.२६५ पर्यंत सगळ्या आकुंचनाचा पाया तोच आहे. आता आपल्या कारखान्याचा हिशेब मांडू. एच.२६४ वर एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला ४३.२ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे सुमारे ३४६ जीबी, तीस दिवसांचे १०.४ टीबी. एच.२६५ वर तोच कॅमेरा २ मेगाबिटवर आणला तर ५.२ टीबी. डीव्हीआरमधल्या ४ टीबी डिस्कवर पहिल्या हिशेबाने साडेअकरा दिवस बसतात, आणि फॉरमॅटनंतर हाती येणारी जागा धरली तर त्याहून थोडे कमी. दिवाणजींचे नऊ-दहा दिवस कुठून येतात ते यावरून कळेल. फक्त एच.२६५ निवडताना जुना संगणक किंवा ब्राउझर ते दाखवतो का, हे आधी बघून घ्यावं.

डिस्क कुठली हाही प्रश्न याच हिशेबातून येतो. आठ कॅमेरे वर्षाला १२६ टीबी लिहितात. संगणकातली साधी डिस्क वर्षाला ५५ टीबीच्या आसपासच्या कामासाठी बनवलेली असते, तर पहाऱ्यासाठीची, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल, १८० टीबीसाठी. अशा डिस्कचा स्वभावही वेगळा असतो. एखादी जागा खराब निघाली तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडत नाही, पुढचं चित्र लिहायला घेते. हिशेबाच्या वहीत एक आकडा गेलेला चालत नाही, रेकॉर्डिंगमध्ये एक चित्र गेलेलं चालतं. जुन्या संगणकातली डिस्क काढून नॅसमध्ये घालण्याची काटकसर म्हणूनच मला पटत नाही.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि मागांच्या शेडमध्ये सुताचा बारीक कापूस हवेत असतो. तो नॅसच्या मागच्या पंख्याच्या जाळीवर करड्या गादीसारखा बसतो आणि आतल्या डिस्क तापतात. पेटी शेडमध्ये न ठेवता ऑफिसात ठेवावी आणि जाळी ब्रशने साफ करत राहावी. दुसरी गोष्ट विजेची. लाइट अचानक गेली की अर्धवट लिहिलेली फाइल आणि रेडची जोडणी दोन्ही धोक्यात येतात. नुसता यूपीएस पुरत नाही, त्याची यूएसबी केबल नॅसला लावावी लागते. तेव्हाच बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःला नीट बंद करतं. ती केबल बऱ्याच ठिकाणी खोक्यातच पडून असते.

नेटवर्कमुळे सोय आली तशी चोरवाटही आली. २०१६ मध्ये मिराई या विषाणूने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून शोधून ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या बड्या बड्या संकेतस्थळांची सेवा कोलमडवली. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्टने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. म्हणून कॅमेरे वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवायचे, त्यांना इंटरनेट द्यायचं नाही, आणि राउटरवर नॅसकडे थेट पोर्ट उघडायचा नाही. मोबाइलवर घरबसल्या बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खाजगी बंद वाट, घालून बघावं. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची अट लागू झाली आहे, पण आधी लावलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचं काम मालकाचंच राहतं.

राहिला घड्याळाचा रकाना. नेटवर्कवरून वेळ मिळवण्याची एनटीपी ही रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली. नॅस स्वतः तीच वेळ सगळ्या कॅमेऱ्यांना देऊ शकतं, त्यासाठी कॅमेऱ्यांना इंटरनेट लागत नाही. या रकान्याचं वजन जालन्याच्या एका खटल्यातून कळतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, असा वाद होता, आणि निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर त्यातून काढलेल्या प्रतीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि हे प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये गेलं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारी तिची खूण, लिहावा लागतो. प्रत काढली त्याच वेळी नॅसवर किंवा संगणकावर एसएचए-२५६ हॅश काढून ठेवला तर नंतर धावपळ होत नाही. यंत्राच्या प्रकारासमोर खूण करायची असते आणि त्या यादीत डीव्हीआरला स्वतःची चौकट आहे, नॅसला नावाने नाही. नॅसवाल्याने संगणक किंवा स्टोरेज मीडियाच्या चौकटीत खूण करून खाली कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहायचा. तो नंबर पेटीच्या तळाशी चिकटवलेला असतो, त्यामुळे बसवतानाच त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवलेला बरा.